रोज चालते तरी जिन्यात दम लागतो: चालत राहू की पळायला लागू?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. वय ५१, राहणार नाशिक, बँकेत नोकरी. गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर गेली कित्येक वर्षं मैत्रिणींबरोबर सकाळी तासभर चालते. थंडी असो, पाऊस असो, सहसा खाडा होत नाही. वेग ताशी साधारण ५ किलोमीटर पडतो. वजन ६२, साखर आणि बीपी ताब्यात.

बँकेतर्फे तपासणी झाली, त्यात स्ट्रेस टेस्ट होती, ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवून हृदय तपासतात ती. पट्ट्याचा दुसरा टप्पा संपत आला तशा पोटऱ्या भरून आल्या, धाप लागली आणि मी थांबवा म्हणाले. रिपोर्टमध्ये हृदयाचा दोष काही नाही, पण 'एफर्ट टॉलरन्स ७ मेट्स' असं लिहिलंय. डॉक्टर म्हणाले, हृदय उत्तम आहे, दमसास वाढवा. कसा वाढवायचा ते विचारायला सवड मिळाली नाही, बाहेर रांग होती.

लेक म्हणते, "आई, चालून काही होत नाही, पळायला लाग." नवऱ्याचं म्हणणं, या वयात पळून गुडघे घालवशील. मी ट्रॅकवर पळून पाहिलं तर मिनिटभरात जीव घशाशी येतो. तिसऱ्या मजल्यावर बहीण राहते, तिच्याकडे जातानाही वर पोचले की दोन मिनिटं बोलता येत नाही.

इतकी वर्षं नेमाने चालून दम का वाढला नाही, हे मला खरंच समजून घ्यायचंय. कॅलरी, वजन वगैरे नको, फक्त दमसासाचं सांगा.

डोंबिवलीकर_४२

ताई, लेकीचं ऐका.

मी घारडा सर्कलहून पहाटे पळायला सुरुवात केली तेव्हा माझी गत तुमच्यासारखीच होती. आता दर जानेवारीत मुंबई मॅरेथॉनला असतो. चालण्याने दमसास वाढतो तो एका हद्दीपर्यंत. पुढे हृदयाला जोर लावायला लावावाच लागतो.

आणि वेळेचा हिशेब बघा. तैवानमधल्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०१४ साली आले होते: ५ मिनिटं पळण्याचा फायदा साधारण १५ मिनिटं चालण्याइतका, आणि २५ मिनिटं पळण्याचा १०५ मिनिटं चालण्याइतका. त्याच वर्षी अमेरिकेत ५५ हजारांवर लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. दिवसाला अवघी ५ ते १० मिनिटं, तीही सावकाश पळणाऱ्यांमध्ये, हृदयविकाराने मृत्यूचं प्रमाण न पळणाऱ्यांपेक्षा बरंच कमी आढळलं. नोकरी करणाऱ्या बाईला तासाऐवजी वीस मिनिटं पुरत असतील तर का नको?

टेकडीवाला

डोंबिवलीकर, तुमचा उत्साह समजतो, पण ५१ वर्षांच्या बाईंना एकदम पळा म्हणणं मला पटत नाही.

मी ६८. निवृत्तीनंतर रोज वेताळ टेकडी. आमच्या गटात पळून पाय दुखावून घेतलेले आणि मग टेकडीला लागलेले पुष्कळ आहेत. २०१३ मध्ये अमेरिकेत ३३ हजार पळणारे आणि जवळपास १६ हजार चालणारे यांची तुलना झाली होती. सारखी ऊर्जा खर्च केली तर रक्तदाब, कोलेस्टेरॉल, मधुमेह यांचा धोका दोन्ही गटांत जवळजवळ सारखाच घटला. म्हणजे चालणं वाया जात नाही. गोदाकाठताई, तुमची साखर आणि बीपी ताब्यात आहे ती या चालण्यामुळेच असणार. ते मात्र सोडू नका.

अनय_ठाणे

एक किलोमीटर चाला नाहीतर पळा, कॅलरी तेवढ्याच जातात असं ऐकलंय. मग फरक फक्त वेळेचाच ना?

फिजिओ_प्राजक्ता

अनय, तसं नाही. सपाटीवर साधारण वेगाने चालताना शरीराचा भार ताठ पायावरून पुढे झोके घेत जातो, त्यात बरीच ऊर्जा वाचते. पळताना दर पावलाला सगळं वजन हवेत उचलावं लागतं. किलोमीटरमागे पळण्याचा खर्च चालण्याच्या जवळपास दुप्पट येतो. ६० किलोच्या माणसाला एक किलोमीटर पळायला साधारण ६० कॅलरी, चालायला त्याच्या निम्म्या. म्हणूनच टेकडीवाला काकांनी सांगितलेल्या अभ्यासात 'सारखी ऊर्जा' हे शब्द महत्त्वाचे आहेत. तेवढी ऊर्जा खर्चायला चालणाऱ्याला पळणाऱ्याच्या दुप्पट अंतर कापावं लागतं.

आता गोदाकाठताई, तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. थोडं लांबेल, पण तुमच्याच रिपोर्टात उत्तर आहे म्हणून सविस्तर लिहिते.

आपल्याकडे स्ट्रेस टेस्ट बहुतेक ठिकाणी ब्रूस पद्धतीने होते. सिॲटलचे हृदयतज्ज्ञ रॉबर्ट ब्रूस यांची ही पद्धत, १९६० च्या दशकापासून जगभर रुळलेली. दर ३ मिनिटांनी पट्ट्याचा वेग वाढतो आणि चढही वाढतो. पहिला टप्पा ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढ, म्हणजे शंभर मीटरमागे दहा मीटर वर. दुसरा ताशी ४ किलोमीटर आणि १२ टक्के. तिसरा ताशी ५.५ किलोमीटर आणि १४ टक्के. दुसरा टप्पा पुरा केला की साधारण ७ मेट्स, तिसरा पुरा केला की १०.

नीट बघा, दुसऱ्या टप्प्यात तुम्ही ताशी ४ किलोमीटरने चालत होतात. ट्रॅकवर रोज याहून वेगात चालता. तरी थकलात, कारण तुम्हाला चढाने थकवलं.

मेट म्हणजे नुसतं बसलेलं असताना शरीर जेवढा ऑक्सिजन वापरतं ते माप: किलो वजनामागे मिनिटाला ३.५ मिलिलिटर. तुमची कमाल ७ मेट्स, म्हणजे बसल्याजागी लागतो त्याच्या सातपट ऑक्सिजन तुम्ही वापरू शकता. व्यायामशास्त्रात ऑक्सिजनच्या या खर्चाचा अंदाज काढायचा एक सोपा हिशेब आहे. मिनिटाला किती मीटर चालता त्याचा दहावा भाग घ्या, त्यात ३.५ मिळवा. पळत असाल तर दहाव्याऐवजी पाचवा भाग. चढावर चालताना वेगाला चढाने (५ टक्के असेल तर ०.०५ ने) आणि मग १.८ ने गुणून येईल तेही मिळवायचं.

तुमचे आकडे घालू या. ताशी ५ किलोमीटर म्हणजे मिनिटाला ८३ मीटर. सपाटीवर खर्च ११.८ मिलिलिटर, त्याला ३.५ ने भागलं की ३.४ मेट्स. तुमच्या कमाल क्षमतेच्या निम्म्याहूनही कमी! रोज तासभर इतकंच काम मिळालं तर हृदयाला आणखी ताकद कमावण्याचं कारणच उरत नाही. सुरुवातीच्या वर्षी या चालण्याने नक्की फायदा झाला असेल, पण शरीर त्याला केव्हाच सरावलं.

आता पळणं. ताशी ७ किलोमीटर, म्हणजे पळणाऱ्यांच्या दृष्टीने अगदी सावकाश. खर्च २६.८, म्हणजे ७.७ मेट्स. हे तुमच्या कमाल क्षमतेच्या वर जातं. म्हणून मिनिटभरात जीव घशाशी येतो. यात मनाच्या किंवा जिद्दीच्या कमीचा काही संबंध नाही. आणि नव्याने पळायला लागलेले कितीतरी लोक दोन आठवड्यांत पळणं सोडतात तेही यामुळेच.

तुमचं सपाटीवरचं चालणं क्षमतेच्या बरंच खाली पडतं आणि पळणं तिच्या वर. मधली जागा चढाची आहे. तोच ताशी ५ किलोमीटरचा वेग ५ टक्के चढावर ठेवा: खर्च १९.३, म्हणजे ५.५ मेट्स, क्षमतेच्या जवळपास ८० टक्के. हृदयाला कामाला लावण्याची हीच पातळी.

एक धीराची गोष्ट. तुमचा आकडा वाईट नाही. शिकागोच्या एका मोठ्या अभ्यासातून २००५ साली कोणत्या वयात किती मेट्स अपेक्षित याचं फक्त स्त्रियांसाठी सूत्र निघालं: १४.७ मधून वयाची ०.१३ पट वजा करायची. ५१ व्या वर्षी अपेक्षा ८.१ ची. तुम्ही ७ वर आहात. खूप मागे नाही, पण वाढवायला भरपूर वाव आहे. आणि वाढवणं मोलाचं आहे, कारण वेगवेगळ्या अभ्यासांत एकेका मेटमागे मृत्यूचा धोका साधारण १२-१३ टक्क्यांनी कमी दिसलाय.

गोदाकाठ

प्राजक्ताताई, डोळे उघडले. इतक्या वर्षांत हे कोणी सांगितलं नाही. रिपोर्ट कपाटात टाकला होता, तो काढून पुन्हा वाचला. तुम्ही लिहिलेले टप्पे आणि चढाचे आकडे त्यात छापलेलेच आहेत.

पण नाशिकमध्ये माझ्याकडे चढ कुठला? ट्रॅक तर पुरता सपाट आहे. पांडवलेणीच्या पायऱ्या चालतील का?

सातारचा_कोच

ताई, पांडवलेणी म्हणजे सोनं आहे. पायऱ्या, वर सपाटी, सकाळी लोकांची वर्दळ. बिनधास्त जा.

मी शाळेत खेळ शिकवतो आणि संध्याकाळी मोठ्यांना पळायला शिकवतो. आमच्याकडे यवतेश्वरचा घाट आहे, साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन त्याच रस्त्याने जाते. या घाटात मी नव्या माणसाला आधी पळूच देत नाही. भराभर चालायला लावतो. हात कोपरात वाकवलेले, पावलं छोटी, नजर दहा-बारा पावलं पुढे. कमरेतून वाकायचं नाही, घोट्यातून जरासं पुढे झुकायचं. वर जाताना टाच पूर्ण टेकवून जोर लावला की मांडीचा मागचा भाग आणि नितंब कामाला लागतात. नुसत्या चवड्यांवर चढलात तर तुमच्या पट्ट्यावर झालं तसंच होणार, पोटऱ्या आधी भरणार आणि दम शिल्लक असताना पाय थांबणार.

जोर किती लावायचा यासाठी घड्याळ लागत नाही. वर चढताना चार-पाच शब्द बोलता यावेत, अख्खं वाक्य येऊ नये. गप्पा मारता येत असतील तर वेग कमी पडतोय. एक शब्दही निघत नसेल तर थांबा, श्वास खाली येऊ द्या.

पहिले काही आठवडे आठवड्यातून दोनच दिवस चढ. मध्ये सपाटीचे दिवस. रोज चढायच्या मोहात पडू नका. हृदय आणि फुफ्फुसं लवकर तयार होतात; टाचेची शीर, नडगीचं हाड, गुडघ्याची वाटी धरणारे बंध यांना महिने लागतात.

वारीची_वाट

सगळं वाचतोय. माझ्या मनात एक शंका आहे. आमच्या गावातले सत्तरीचे वारकरी आळंदी ते पंढरपूर चालत जातात. पुणे ते सासवड हा लांबचा टप्पा, मध्ये दिवे घाट, तोही टाळमृदंगाच्या ठेक्यावर चढतात. ते कुठे पळतात? त्यांचा दम तर तरुणांना लाजवतो. मग चालण्याने दमसास वाढत नाही हे कसं मानायचं?

फिजिओ_प्राजक्ता

फार चांगला मुद्दा काढलात. 'दमसास वाढत नाही' असं मात्र मी म्हटलेलं नाही. दम म्हणताना दोन गोष्टी एकत्र होतात. एक, कमाल किती जोर लावता येतो. दुसरी, साधारण जोर किती वेळ टिकवता येतो. वारकऱ्याची दुसरी गोष्ट विलक्षण असते. दिवसभर, दिवसामागून दिवस चालल्याने स्नायूंत केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं, चरबीवर चालण्याची क्षमता वाढते, पाय कणखर होतात. आणि बहुतेक वारकरी शेतकरी. वर्षभर डोक्यावर भारा, विहिरीच्या पायऱ्या, डोंगरउताराची वावरं. कमाल जोर त्यांना शेतातच लावावा लागतो.

शहरात बसून काम करणाऱ्याच्या आयुष्यात हा जोराचा भाग उरलेलाच नाही. सकाळचं चालणं हा दिवसातला एकुलता एक व्यायाम, आणि तोही रमतगमत. म्हणून त्यातच थोडा जोर घालावा लागतो.

टेकडीवाला

इथे मला लंडनच्या बसवाल्यांची आठवण झाली. डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा अभ्यास छापला होता. एकाच बसवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर, राहणीमान सारखं, पण ड्रायव्हर दिवसभर बसलेले आणि कंडक्टर डबलडेकरचा जिना सतत चढत-उतरत. कंडक्टरांमध्ये हृदयविकार बराच कमी होता. व्यायामाचा आणि हृदयाचा संबंध पहिल्यांदा नीट दिसला तो जिना चढणाऱ्या माणसांमध्ये.

टेकडीवर मी इतकी वर्षं हेच बघतोय. जे रोज वर येतात त्यांचे चेहरे आणि चाल वेगळी दिसते. सिंहगड आतकरवाडीच्या बाजूने चढणारे साठी-सत्तरीचे लोक बघा, साधारण ६०० मीटरची चढाई करतात आणि वर दही खाऊन उतरतात. त्यांतले किती जण आयुष्यात पळले असतील?

रंकाळ्याकाठी

मला गुडघ्यांचं विचारायचंय. रंकाळ्याला फेऱ्या मारते मी. आमच्यात कुणी पळायचं नाव काढलं की मोठी माणसं म्हणतात, गुडघ्याची वाट लागेल बघ. आणि पायऱ्या चढायलाही बंदी! मग करायचं काय बाईमाणसानं?

फिजिओ_प्राजक्ता

धडधाकट गुडघा पळण्याने झिजतो हा समज फार खोलवर बसलाय. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं. हौसेने पळणाऱ्यांमध्ये गुडघ्या-खुब्याचा संधिवात ३.५ टक्के, बसून राहणाऱ्यांमध्ये १०.२ टक्के आणि स्पर्धेत उतरून भरपूर पळणाऱ्यांमध्ये १३.३ टक्के निघाला. थोडं पळणं सांध्याला पोषकच दिसतं. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात, दाब पडणं आणि सुटणं यातूनच तिला अन्नरस मिळतो.

मात्र दुखापत आणि झीज या वेगळ्या गोष्टी आहेत. पळताना दर पावलाला वजनाच्या दोन-तीनपट भार जमिनीकडून परत येतो, चालताना जेमतेम वजनाइतका किंवा थोडा जास्त. म्हणून नव्याने पळणाऱ्याच्या नडग्या दुखतात, टाच धरते. चालणाऱ्याला हा त्रास क्वचित होतो.

पायऱ्यांबद्दल: चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्याला जास्त सोसावं लागतं. मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच त्याला ब्रेकचं काम करावं लागतं. वर जाताना जोर लावा, खाली येताना सावकाश या, पायऱ्यांऐवजी उताराची वाट असेल तर ती धरा, काठी घ्यायला लाजू नका. गुडघा सुजत असेल, अडकत असेल, रात्री ठणकत असेल तर मात्र आधी दाखवून घ्या.

आणि गोदाकाठताई, पाळी जाण्याच्या या वयात हाडांचाही विचार हवा. नुसत्या चालण्याने हाडांना फारसं बळ मिळत नाही. आठवड्यातून दोनदा वजनं उचलण्याचा किंवा खुर्चीतून हात न टेकता उठण्याबसण्याचा व्यायाम जोडा. मांड्या बळकट झाल्या की चढही सोपा होतो.

म्युनिकमराठी

इथे हिवाळ्यात बाहेर बर्फ, म्हणून मी जिमच्या ट्रेडमिलवर चढ लावून चालतो. प्राजक्ताताईंच्या हिशेबाने आत्ताच करून पाहिलं. ताशी ६ किलोमीटर आणि १० टक्के चढ म्हणजे ३१.५ येतात. सपाटीवर ताशी ८.४ किलोमीटरने पळालो तरी तेवढेच! म्हणजे चालत असूनही माझं काम पळण्याइतकंच होतंय, आणि पावलाला दणका नाही.

ट्रेडमिल वापरणाऱ्यांना कळकळीने सांगतो: पुढचा दांडा धरून चालू नका. चढ लावून दांड्याला लटकलेले लोक इथे रोज दिसतात. पडद्यावर दिसणारे मेट्स मग खोटे ठरतात, भार हातांवर गेलेला असतो. तोल जाईल वाटत असेल तर चढ कमी करा.

डोंबिवलीकर_४२

ताशी ८.४ ने सपाटीवर पळण्याइतकं काम चालूनही होतं, हा हिशेब मी करून पाहिला आणि मान्य. पण माझं म्हणणं मी पूर्ण सोडत नाही. ज्याची क्षमता ७ आहे त्याला चढ पुरेल. ज्याची १२ झाली त्याने काय करायचं? ८० टक्के जोर हवा तर त्याला साडेनऊ मेट्सचं काम हवं. डोंबिवलीत १० टक्क्यांचा चढ किलोमीटरभर कुठे मिळणार? आमच्याकडे रस्ते सपाट, रेल्वेचे पूल तेवढे चढायला. तिथे पळण्याला पर्याय नाही. आणि सपाटीवर चालण्याचा वेग तरी किती वाढवणार, ताशी सातच्या पुढे गेलं की पाय आपोआप पळायला लागतात.

सातारचा_कोच

बरोबर. ताशी ७ किलोमीटरच्या आसपास शरीर स्वतःच चालणं सोडून पळणं धरतं, आणि ८ च्या पुढे चालणं पळण्यापेक्षा महाग पडतं. ऑलिंपिकमधले चालण्याच्या शर्यतीतले खेळाडू २० किलोमीटर सव्वा तासाच्या थोडं वर चालतात, ताशी १५ च्या वेगाने. एक पाय सतत जमिनीवर दिसला पाहिजे आणि पुढचा गुडघा ताठ हवा हा नियम. त्यांचा दम पळणाऱ्यांच्या तोडीचा असतो. पण ते तंत्र वर्षानुवर्षं शिकावं लागतं.

तेव्हा सपाट गावात राहणाऱ्याने, क्षमता वाढल्यावर, पळणं जोडावं यात दुमत नाही. जोडायचं मात्र मिनिटाच्या हिशेबाने. १ मिनिट पळा, २ मिनिटं चाला. अमेरिकेचे जेफ गॅलोवे १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये १० हजार मीटर पळलेले, त्यांनी हीच पद्धत जन्मभर शिकवली. पळतानाही इतकं सावकाश की हसता यावं. जपानमध्ये फुकुओका विद्यापीठाचे हिरोआकी तनाका यांनी हसतमुख वेगाने पळणं लोकप्रिय केलं, चालण्याच्या वेगाने पण पळण्याच्या पावलाने. ताशी ६ किलोमीटरला चालायला १३.५ लागतात आणि पळायला २३.५. वेग न वाढवताही काम वाढतं.

अनय_ठाणे

चढही नाही आणि पळायचंही नाही, अशांना काही आहे का? आमच्या सोसायटीचं आवार सपाट आहे आणि आईला पळवणं शक्य नाही.

फिजिओ_प्राजक्ता

आहे. जपानच्याच मात्सुमोतोमधल्या शिन्शू विद्यापीठात हिरोशी नोसे आणि सहकाऱ्यांनी मध्यमवयीन आणि ज्येष्ठ लोकांवर हे करून पाहिलं, २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. ३ मिनिटं भराभर, ३ मिनिटं हळू, असे पाच किंवा जास्त फेरे, आठवड्यातून चार किंवा जास्त दिवस, पाच महिने. भराभर म्हणजे आपल्या कमाल क्षमतेच्या ७० टक्क्यांच्या वर. दमसास आणि मांड्यांची ताकद दोन्ही वाढले, रक्तदाब उतरला. एकसारख्या मध्यम चालीने चालणाऱ्या गटात तितका फरक दिसला नाही.

तुमच्या आईंना सांगा, वेग वाढवायचा म्हणजे लांब पावलं टाकायची नाहीत, पावलं पटापट टाकायची. लांब पाऊल टाकलं की टाच पुढे आपटते आणि नडगी दुखते.

दहा हजार पावलांचं टारगेट मनातून काढून टाकायला हरकत नाही. तो आकडा १९६५ साली जपानमध्ये एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या विक्रीबरोबर आला. दिवसभर हिंडतंफिरतं राहायला चांगला आहे, पण पावलं किती जोराने टाकली हे तो सांगत नाही.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा काढला तेव्हापासून आजपर्यंतचं सांगते.

पांडवलेणीला जायला लागले, कोचदादांनी सांगितल्याप्रमाणे आठवड्यातून दोन वेळा. बाकीचे दिवस ट्रॅकवर मैत्रिणींबरोबर, पण मधली काही मिनिटं भराभर. सुरुवातीला निम्म्या वाटेत कठड्याला टेकावं लागायचं. टाच टेकवून चढायला लागल्यावर पोटऱ्यांचं भरून येणं थांबलं, हा फरक सगळ्यात आधी जाणवला. दम नंतर वाढला. परवा बहिणीकडे तिसऱ्या मजल्यावर जाऊन थेट बोलायला लागले, तीच म्हणाली, "आज बसली नाहीस?"

मैत्रिणींनाही ओढलंय. त्यांच्यातल्या दोघींना चढावर बोलता येत नाही याचा राग येतो, म्हणून गप्पा वरच्या सपाटीसाठी राखून ठेवल्यात. सावकाश पळण्याची एक-एक मिनिटं पावसाळा संपल्यावर जोडीन म्हणते. पावसात पायऱ्यांवर शेवाळ धरतं, तोवर बँकेतला जिना आहेच. पुढच्या तपासणीत १० मेट्सचा टप्पा पुरा करायचा असं ठरवलंय.

रंकाळ्याकाठी

ताई, वाचून इतकं बरं वाटलं! आम्ही चौघीजणी पन्हाळ्याचा विचार करतोय, रविवारी गाडी खाली ठेवायची आणि चालत वर जायचं.

नवा_सभासद_लातूर

उशिरा आलोय, पण विचारतो. वडील ७२ वर्षांचे, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. मोबाइलच्या घड्याळात त्यांचे ठोके भराभर चालले तरी ११० च्या वर जात नाहीत. २२० वजा वय केलं तर १४८ यायला हवेत ना? त्यांनी वेग वाढवावा का?

फिजिओ_प्राजक्ता

ठोक्यांच्या मागे अजिबात लागू नका. अँजिओप्लास्टीनंतर बहुतेकांना बीटा ब्लॉकर गटातलं औषध असतं, ते ठोके मुद्दाम दाबून ठेवतं. औषध चालू असताना २२० वजा वय हे सूत्र लागूच पडत नाही. आणि तो आकडा कमाल ठोक्यांचा आहे, गाठायचं लक्ष्य नव्हे. गोळ्यांची नावं त्यांच्या हृदयतज्ज्ञांना दाखवून औषधामुळेच ठोके कमी राहतात का ते विचारा.

त्यांच्यासाठी श्वास हीच खूण ठेवा. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. सुरुवातीची दहा मिनिटं अगदी हळू, शेवटची दहाही हळू, एकदम थांबायचं नाही. चढ किंवा भराभर चालण्याचे फेरे डॉक्टरांनी नव्याने स्ट्रेस टेस्ट करून मोकळीक दिल्यावरच. लातुरात किंवा जवळपास हृदयरुग्णांसाठी देखरेखीखाली व्यायाम करून घेणारं केंद्र असेल तर पहिले काही आठवडे तिथेच करून घ्या.

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काहीही झालं तर जागच्या जागी बसायचं आणि लगेच दवाखाना. जेवल्यावर लगेच चालायला नेऊ नका, उन्हाळ्यात सकाळी लवकर उरका, आणि डॉक्टरांनी सॉर्बिट्रेट (छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळी) दिली असेल तर ती खिशात असू द्या.